अग्निराजाची तक्रार

"फक्त काढा ढवळायचा," बायको म्हणाली. "थोड्या थोड्या वेळानं हे गोल बटण दाबायचं, की ती पळी फिरवते. बस्स. दुसरं काही करायचं नाही. कळलं?"

"हो," होयबा म्हणाला.

"दारावर कोणी आलं तर उघडायचं नाही."

"हो."

"काय म्हणाले मी आत्ता?"

"दारावर कोणी आलं तर..." होयबा अडखळला, "उघडायचं."

बायकोनं डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. होयबाला कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची, हा नियम तिनं वर्षभरापूर्वी स्वतःला घालून घेतला होता.

होयबा हे नाव त्याला मेहुण्यानं लग्नातच ठेवलं आणि ते त्याच्या अंगाला इतकं चपखल बसलं की खुद्द त्यानंही हरकत घेतली नाही. हरकत घेणं त्याला जमतच नसे. कपाटं बनवणाऱ्या एका कंपनीत तो तक्रार विभाग सांभाळत असे. दार करकरतं, खण अडकतो, तुमच्या कपाटाचा आरसा माणसाला जाड दाखवतो, असं सांगत लोक दिवसभर त्याच्यासमोर येऊन बसत. होयबा सगळ्यांना एकच उत्तर देई, "हो, बरोबर आहे तुमचं. बघून घेतो." निम्मे लोक तेवढ्यावरच समाधानानं घरी जात. साहेब त्याच्यावर खूश होते. घरी मात्र या सवयीनं एकदा घात केला होता.

झालं होतं असं, की माळ्यावरची गादी काढायला बायको शिडीवर चढली होती. "धरलीस ना नीट?" तिनं वरून विचारलं. "हो," होयबा म्हणाला. त्या वेळी तो शेजारच्या खोलीत फोनवर एका गृहस्थाच्या खणाची कर्मकहाणी ऐकत होता आणि तो 'हो' नेमका कोणाला म्हणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग वरून गादी खाली आली. गादीमागोमाग बायको आली. दुर्दैवानं गादी जिथं पडली तिथं बायको पडली नाही. डावा पाय मोडला. "धरली होती गं, पण घामानं हात निसटला," असं होयबानं तेव्हा सांगितलं. तेव्हापासून तो मुकाट्यानं भांडी घासत होता, पाय चेपत होता आणि आतल्या आत कुढत होता.

बायको फिजिओथेरपिस्ट. जगाचे पाय सरळ करणारी बाई स्वतःचा पाय उशीवर ठेवून बसली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिचा जीव मेटाकुटीला आला. मग मेहुण्यानं तिला हा खेळ आणून दिला. टीव्हीच्या पडद्यावर एक भलंमोठं राज्य, त्यात दऱ्या, जंगलं, गावं, राक्षस, चेटकिणी. त्यातल्या एका वीरांगनेला हातातल्या रिमोटनं चालवायचं, लढवायचं, बोलतं करायचं. गंमत अशी, की या खेळाला ठरलेला असा रस्ताच नव्हता. वाटेल तिकडं जा, वाटेल त्याच्याशी भांडा, वाटेल त्याच्याशी दोस्ती करा. तुम्ही वागाल तशी पुढची गोष्ट बदलणार. पायाला प्लास्टर असलेल्या बायकोला हे मोकळं रान इतकं मानवलं, की प्लास्टर निघालं तरी खेळ सुटला नाही. तिनं मुद्दाम सगळ्यात कठीण पातळी निवडली होती. त्यात केलेलं मागे घेता येत नसे, आणि वीरांगना मेली की मेलीच, खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वर्षभर ती लढली. जळत नाही अशी ढाल मिळवली, वज्राची तलवार मिळवली, आणि वीरांगनेच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत बिरूद झळकू लागलं, 'सात दऱ्यांची स्वामिनी'. आता उरला होता फक्त अग्निराज, डोंगरावरच्या गुहेतला चार पंजांचा, आग ओकणारा महाकाय सर्प, जो मनात येईल तेव्हा गावंच्या गावं जाळत असे. त्याच्याशी आज संध्याकाळी लढायचं ठरलं होतं. तिच्या दवाखान्यातल्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांनाही ते माहीत होतं. आगीपासून अंग वाचवणारा काढा तेवढा शिजायचा होता, आणि होयबाला आज साप्ताहिक सुट्टी होती.

"काढा ढवळायचा, दार उघडायचं नाही," बायको चपला घालताना शेवटचं म्हणाली.

"हो," होयबा म्हणाला, आणि या वेळी त्यानं खरोखरच मनापासून ऐकलं होतं.

दुपारपर्यंत सगळं यथास्थित चाललं. पडद्यावरच्या झोपडीत वीरांगना पळी फिरवत होती, काढा हिरवा होता तो निळा होत आला होता. वामकुक्षी आटोपून सासूबाई बाहेर आल्या. चार दिवस लेकीकडे राहायला आल्या होत्या, आणि आल्यापासून एक स्वेटर विणत होत्या, जो कोणासाठी आहे हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

"जावईबापू, चहासाठी दूध ठेवलंय हो गॅसवर. जरा लक्ष असू द्या."

"हो," होयबा म्हणाला.

सासूबाई शेजारी बसल्या, सुया चालू झाल्या, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. झोपडीच्या.

होयबानं गोल बटण दाबलं. काढा ढवळला. पुन्हा थाप पडली. दाराबाहेरून एक म्हातारी कळवळून म्हणत होती, "आहे का कोणी? माझी कोंबडी हरवली हो. कोणी म्हणजे कोणी ऐकून घेत नाही माझं."

होयबा अस्वस्थ झाला. बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं तक्रारदाराला दाराबाहेर उभं केलं नव्हतं.

"उघडा की," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस आहे."

"उघडायचं नाही म्हणालीय ती."

"अहो, नुसतं ऐकून घ्या. ऐकायला काय पैसे पडतात?"

होयबानं दार उघडलं. म्हातारीनं कहाणी सांगितली आणि शेवटी पडद्यावर प्रश्न आला, कोंबडी शोधून देशील का? खाली दोन चौकोन होते, एक 'हो' आणि एक 'नाही'. होयबाच्या अंगठ्यानं डोक्याला न विचारताच 'हो' दाबलं.

ज्या वीरांगनेनं दोन डोक्यांचे राक्षस लोळवले होते, तिला कोंबडी काही सापडेना. सापडली तर हाती लागेना. शेतातून, ओढ्यातून, कोणाच्या तरी परसातून नुसती पळापळ झाली. होयबानं घाबरून भलतंच बटण दाबलं, तर तलवार सुटून एकाचं अख्खं कुंपण आडवं झालं. "डावीकडून घ्या! डावीकडून!" सासूबाईंनी विणकाम मांडीवर टाकलं. अखेर कोंबडी बगलेत आली. म्हातारीनं तोंडभर आशीर्वाद दिले. दोघंही कपाळावरचा घाम पुसत झोपडीकडे परतले.

झोपडीतून धूर येत होता.

"काढा!" होयबा ओरडला.

"काय हो हा खेळ!" सासूबाई नाक वर करून कौतुकानं म्हणाल्या. "जळल्याचा वाससुद्धा येतो!"

होयबानंही वास घेतला. वास खरंच येत होता, आणि तो काढ्याचा नव्हता.

"दूध!" दोघं एकदम म्हणाले.

स्वयंपाकघरात दुधाचा पार कोळसा झाला होता आणि पातेल्याचा रंग कधीकाळी चंदेरी होता हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. गॅस बंद करून, खिडक्या उघडून, ओल्या फडक्यानं बोटं भाजून घेऊन होयबा पळत बाहेर आला, तोवर पडद्यावर झोपडीच्या जागी चार वासे उभे होते.

"तुम्हाला सांगितलं होतं ना लक्ष ठेवायला?" सासूबाई म्हणाल्या.

"हो," होयबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता खेळात रात्र पडली. थंडी सुटली. वीरांगनेला हुडहुडी भरली आणि पडद्याच्या कोपऱ्यातली तिच्या आयुष्याची लाल रेघ हळूहळू आखूड होऊ लागली. होयबाच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोचं वर्ष त्या रेघेवर टांगलं होतं. आसरा शोधत तो वेड्यासारखा पळत सुटला. दूरवर एका गिरणीत दिवा दिसला. दारात कमरेवर हात ठेवून एक धिप्पाड बाई उभी होती. ती गिरणीवाल्याची आई.

"थंडीनं मरशील पोरी," ती म्हणाली. "पण परक्या माणसाला या घरात रात्रीचा थारा नाही, हा आमचा रिवाज. आमच्या घरची होशील?"

"थांबा हं जावईबापू, चष्मा लावते," सासूबाई म्हणाल्या. "जरा नीट वाचू द्या, काय म्हणतेय ती..."

होयबानं 'हो' दाबलं होतं.

आकाशातून फुलं पडू लागली. कुठूनतरी पिपाणी वाजली. पिठानं पांढराफटक झालेला एक गरीब चेहऱ्याचा माणूस पुढे आला आणि त्यानं वीरांगनेचा हात हातात घेतला.

"लग्न झालं," सासूबाई सुन्न होऊन म्हणाल्या. "माझ्या देखत लेकीचं दुसरं लग्न झालं."

"खेळातलं आहे हो आई!"

"खेळातलं असलं म्हणून काय झालं? मुलाची काही चौकशी? घराणं कसं, माणसं कशी?"

घराणं कसं, ते लगेच कळलं. वीरांगनेच्या डोक्यावरचं 'सात दऱ्यांची स्वामिनी' हे सोनेरी बिरूद विरघळलं आणि त्या जागी साध्या मातकट अक्षरांत उमटलं, 'गिरणीवाल्याची बायको'. नव्या सासूनं तिच्या पाठीवरची ढाल काढून रटरटणाऱ्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. मग वज्राची तलवार घेऊन भोपळा कापायला बसली.

"डोकं आहे हो बाईला," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. "भोपळ्याला असलंच काहीतरी लागतं." लगेच त्या भानावर आल्या. "पण वस्तू आपली आहे! मागा परत."

होयबानं मागितली. "घरातली वस्तू घरातच राहते," खेळातली सासू म्हणाली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." सासूबाईंनी चष्म्यावरून आधी गिरणीवाल्याकडे आणि मग जावयाकडे बघितलं. होयबानं घड्याळ बघितलं. बायको यायला फार वेळ नव्हता.

"आई, तिला काही सांगू नका."

"मी कशाला सांगू? मी तर झोपलेय आत." सासूबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "हे बघा, असल्या सासवा मी पुष्कळ पाहिल्यात. मलाही होतीच की. भांडून काही मिळत नाही. गोड बोला. स्वयंपाकाचं कौतुक करा."

होयबानं कौतुक केलं. खेळातली सासू एवढी विरघळली, की तिनं वीरांगनेला आणखी तीन वेळा वाढलं आणि तलवार धुऊन, पुसून, उद्याच्या भोपळ्यासाठी खुंटीला लावून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "हं. ही वेगळ्या जातीची दिसते. आता काडीमोडच घ्यायचा."

काडीमोडाचंही चौकशीत समजलं. त्या मुलखात काडीमोड द्यायचा अधिकार फक्त एकालाच, साऱ्या राज्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या जिवाला. पडद्यावर बाण आला. बाण डोंगराकडे वळला. सगळ्यात वडीलधारा जीव होता अग्निराज.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ढाल नाही, तलवार नाही, काढा नाही. निघताना खेळातल्या सासूनं मात्र शिदोरीचा डबा हातात दिला. "रिकाम्या पोटी सून घराबाहेर पडली असं कोणी म्हणायला नको," ती म्हणाली. सासूबाईंनी नकळत मान डोलावली.

गुहेच्या तोंडाशी अग्निराज वेटोळं घालून बसला होता. त्याचे डोळे लालबुंद होते. पडद्यावर तीन चौकोन आले, हल्ला, पळ आणि बोल. बायकोनं वर्षभरात तो तिसरा चौकोन कधी दाबला नसावा, पण होयबाचा अंगठा थेट त्याच्यावरच गेला.

अग्निराजानं मान खाली आणली. मग जाड, थकलेल्या आवाजात म्हणाला, "लढायला नाही आलीस? आजवर जो आला तो तलवार घेऊनच आला. मला काय होतंय हे एकानंही विचारलं नाही. माझी एक तक्रार आहे."

होयबा ताठ बसला. पाठीमागची उशी त्यानं सरळ केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला आपण योग्य जागी आलो असं वाटलं.

"मला झोप नाही," अग्निराज म्हणाला. "खालच्या त्या गिरणीची दिवसा घरघर, रात्री घरघर. जरा डोळा लागला की दचकून उठतो. उठलो की डोकं फिरतं. डोकं फिरलं की एखादं गाव जाळतो. मग वाईट वाटतं. वाईट वाटलं की पुन्हा झोप येत नाही."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. "बिचारा."

चौकोन आले, 'खोटं बोलतोस' आणि 'बरोबर आहे तुमचं'. दुसरा चौकोन पाहून होयबाला भरून आलं. त्यानं तो दाबला. मग आणखी एक चौकोन उगवला, जो गिरणीवाल्याच्या बायकोशिवाय राज्यात दुसऱ्या कोणालाच दिसला नसता, 'रात्री गिरणी बंद ठेवायला मी घरी सांगते'. तोही त्यानं दाबला. अग्निराजाच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं आणि खालच्या खडकावर चर्रर्र करत त्याची वाफ झाली. काडीमोडाचा विषय तिथल्या तिथं राहून गेला. अग्निराजानं आपला राक्षसी पंजा पुढे केला. पडद्यावर मोठी अक्षरं आली.

'समेट करायचा? हो : अग्निराज झोपी जाईल, राज्यात शांतता, कथा समाप्त. नाही : लढाई.'

होयबाचा अंगठा 'हो'वर जाऊन टेकला, आणि सासूबाईंनी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"थांबा! कथा समाप्त म्हणतोय तो. मग ती संध्याकाळी येऊन काय करणार?"

होयबानं अंगठा उचलला. वर्षभर दात-ओठ खाऊन ती या एका लढाईची वाट बघत होती. आणि त्यानं एक बटण दाबून ती संपवून टाकायची? बरं, 'नाही' दाबावं तर तो फुंकर मारणार आणि निःशस्त्र वीरांगनेची राख होणार. शिवाय 'नाही' दाबायचं म्हणजे एका रडणाऱ्या तक्रारदाराच्या तोंडावर नाही म्हणायचं. दोघंही रिमोट मधे ठेवून, हाताची घडी घालून बसून राहिले. अग्निराजही पंजा पुढे करून बसून राहिला. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

"आले रे!" बायकोचा आवाज आनंदानं ओसंडत होता. "सगळ्या पेशंटांना लवकर कटवलं. गुडघेवाले आजोबा म्हणाले, आमच्या वतीनं एक वार जास्त..." ती थबकली. "ही कोण? गिरणीवाल्याची बायको?"

"तू," सासूबाई म्हणाल्या.

"माझी ढाल कुठाय?"

"पातेल्यावर."

"तलवार?"

"भोपळ्यात होती. आता खुंटीवर आहे, धुऊन ठेवलीय."

"आणि झोपडी?"

"ती जळाली," सासूबाई म्हणाल्या, "पण दूधही जळालं. तुझं एकटीचंच नुकसान झालं असं काही नाही."

बायको होयबाकडे वळली. "काढा ढवळलास?"

"हो," होयबा म्हणाला. सवयच.

"काढा ढवळलास?" तिनं नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं.

होयबानं तिच्याकडे पाहिलं. कालपासून लहान पोरीसारखी हरखलेली ती बाई हातात पर्स तशीच धरून उभी होती. तिला आणखी एकदा खोटं सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"नाही," तो म्हणाला.

सासूबाईंच्या हातातली सुई खाली पडली. या घरात त्याच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. एकदा तो निघाल्यावर मात्र बाकीचं सगळं भडाभडा बाहेर आलं, थाप, कोंबडी, धूर, थंडी, लग्न, शिदोरी, तक्रार.

"आणि मग 'हो' का नाही दाबलंस?" बायकोनं विचारलं. "खेळ जिंकला असतास."

"तुझी लढाई आहे ती," होयबा म्हणाला. "वर्षभर थांबलीस तू. मला वाईट वाटलं असतं. म्हणजे, तुझ्यासाठी."

बायकोनं पर्स ठेवली, खाली बसली, रिमोट हातात घेतला आणि पडद्यावरच्या पंजाकडे बघितलं. मग तिनं 'नाही' दाबलं.

"तू तर मघाशी वेगळं बोलत होतीस!" अग्निराज दुखावून म्हणाला.

"मघाशी मी नव्हते," बायको पडद्याला म्हणाली आणि पळाली.

ती काय पळाली! उड्या, गिरक्या, खडकामागं लपणं, शेपटीखालून सटकणं. पण नुसत्या पायांवर किती निभावणार? आगीचे लोट येत होते, लाल रेघ नखाएवढी उरली. होयबानं उशी तोंडावर धरली. अग्निराजानं शेवटची फुंकर मारायला छाती भरून घेतली, आणि पडद्यावर कोणीच कधी न पाहिलेली ओळ उमटली, 'सासरची माणसं आली आहेत.'

उतारावरून गिरणीवाल्याची आई तरातरा वर येत होती. एका हातात रस्सा ओघळणारी ढाल, दुसऱ्या हातात भोपळ्याची फोड अडकलेली तलवार. मागं पिठाचं पोतं घेऊन गिरणीवाला, त्याच्यामागं कोंबडी घेऊन ती म्हातारी.

"डबा परत आला नाही तो नाहीच, आणि वर सुनेच्या अंगावर आग टाकतो हा मेला?" खेळातली सासू गरजली.

"घ्या त्याला!" खरी सासू खुर्चीवर उभी राहून ओरडली. "सोडू नका!"

गिरणीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा आईला न विचारता काहीतरी केलं. पिठाचं अख्खं पोतं त्यानं अग्निराजाच्या नाकावर भिरकावलं. अग्निराज शिंकला. पुन्हा शिंकला. तिसऱ्या शिंकेला त्याच्या पोटातली आगच विझली. सासूनं फेकलेली तलवार बायकोनं हवेतच झेलली, आणि पुढचा खेळ असा झाला की गुडघेवाल्या आजोबांनी पाहिला असता तर ते काठी टाकून नाचले असते. अखेर तलवारीचं टोक अग्निराजाच्या गळ्यावर टेकलं. चौकोन आले, 'मार' आणि 'सोड'.

बायको धापा टाकत होती. गाल लाल झाले होते. तिनं अग्निराजाच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"खरंच झोपला नाहीये रे हा," ती म्हणाली आणि 'सोड' दाबलं.

गिरणी रात्रीची बंद राहू लागली. अग्निराज आठ दिवस घोरला आणि उठल्यावर गिरणीवाल्याच्या आईनं त्याला चूल पेटवायच्या कामाला लावला. वीरांगनेच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं परत आली, 'सात दऱ्यांची स्वामिनी', आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'व गिरणीवाल्याची बायको'. काडीमोड घ्यायचा का, असं होयबानं विचारलं, तर बायको म्हणाली, "राहू दे. वेळेला आली ती माणसं."

सासूबाई डोळे पुसत होत्या. बायको हसत होती, आणि ते हसू होयबानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ती त्याच्या खांद्यावर रेलली.

"आज खरं बोलायला शिकलायस, तर एक विचारू?"

"हो."

"त्या दिवशी शिडी धरली होतीस?"

तिनं दुसऱ्यांदा विचारायची वाट न बघता होयबा म्हणाला, "नाही. मी खोलीतच नव्हतो. फोनवर होतो. वर्षभर सांगीन सांगीन म्हणतोय."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. तिनं थोडा विचार केला. "मग माझंही ऐकून ठेव. मी शिडीवरून पडले नव्हते."

"म्हणजे?"

"गादी खाली टाकली, ती इतकी मऊ दिसत होती. म्हटलं, उतरत कशाला बसायचं? उडी मारली." ती जरा लाजली. "नेम चुकला."

"लहानपणी टेबलावरून मारायची," सासूबाई सुई शोधत म्हणाल्या. "तेव्हाही चुकायचाच."

होयबा उठून उभा राहिला. वर्षभराची भांडी, वर्षभराचं पाय चेपणं, वर्षभराचं कुढणं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण रागवावं म्हटलं तर छातीवरचा धोंडा असा काही उतरला होता, की राग येईना. त्याला हसूच फुटलं.

"बरं, मग दुधाचं पातेलं घासतोस ना?" बायकोनं गोड आवाजात विचारलं.

"नाही," होयबा म्हणाला. त्याला तो शब्द फारच आवडला. "नाही. नाही म्हणजे नाही."

"ठीक आहे रे. मीच घासते." बायको सोफ्याला धरून उठली. तिनं ओठ चावला, पायावर हात दाबला आणि लंगडत लंगडत स्वयंपाकघराकडे निघाली. "लढाईत ताणला गेला बहुतेक. जुनं दुखणं, दुसरं काय."

"अगं, थांब, थांब! तू बस!" होयबा धावला, तिला सोफ्यावर बसवलं, पायाखाली उशी दिली आणि बाह्या सरसावून मोरीपाशी उभा राहिला.

पातेलं निम्मं घासून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मोडला होता तो डावा पाय. आणि उशीवर त्यानं आत्ता ठेवला होता तो उजवा.